बिनतारी, पण बिनघोर?

गाडीत बसलं की आधी सीटबेल्ट, मग आरसा, मग तार. गेल्या तीन वर्षांचा माझा हा शिरस्ता. तार म्हणजे फोन गाडीच्या स्क्रीनला जोडणारी यूएसबी केबल. ती लावली की स्क्रीनवर नकाशा येतो, गाणी येतात, बॉसचा फोनही येतो. (तो नसता आला तरी चाललं असतं!) पण ती जरा हलली की सगळंच गायब. मग एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने केबलची मनधरणी. ओळखीचं वाटतंय ना?

पुण्यात हे खपून जातं. सिग्नल लागतो, आपण केबल खोचतो, मागचा हॉर्न मारतो, आपण निघतो. पण माझं गाव अंबाजोगाई, जिल्हा बीड. पुण्याहून तीनशेहून जास्त किलोमीटर. जामखेड सोडलं की सौताडा, पाटोदा, मांजरसुंबा, नेकनूर, केज आणि मग घर. बालाघाटाच्या डोंगरातून जाणारा हा रस्ता दिवसा झक्कास. रात्री मात्र त्याची थट्टा करायची नाही.

ती मी केली. दिवाळीनंतर अप्पांना पुण्याला घेऊन निघालो होतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन माझ्याकडे राहून करायचं ठरलेलं. पहाटे चारला अंबाजोगाई सोडलं. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रॅक्टरमागे ट्रॉली आणि ट्रॉलीत अख्खा संसार. भांडी, सरपण, शेळी, गोधड्या, पोरंबाळं.

केज मागे पडलं. एका गचक्यात केबल हलली आणि स्क्रीन काळी झाली. मी खाली वाकून पिन चाचपली. दोनच सेकंद! पण ताशी साठच्या स्पीडला गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते, हा हिशेब मी नंतर केला.

"अरे, पुढं बघ!" अप्पा ओरडले.

पुढे ट्रॉली होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक कसा दाबला आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीच्या फळीला टेकून बसलेलं, गोधडीत गुंडाळलेलं एक पोर माझ्या हेडलाइटच्या उजेडात डोळे चोळत होतं. ट्रॉली तशीच पुढे गेली. त्यांना काही कळलंही नाही.

मोतीबिंदू झालेल्या माणसाला जे दिसलं, ते मला दिसलं नव्हतं. बराच वेळ अप्पा गप्प होते. मग म्हणाले, "कामून रे, घरचा रस्ताबी नकाशात बघावा लागतो का तुला?"

उत्तर नव्हतं. नकाशा नको होता. गाणं बंद पडलं होतं, इतकंच.

पुण्यात पोचल्यावर ठरवलं, ही तार घालवायची. वायरलेस अॅडॅप्टर घ्यायचा. आणि तेव्हा कळलं की हा 'घ्यायचा' इतका सोपा मामला नाही.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपण सगळे याला 'मिररिंग' म्हणतो. पण अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (दोन्ही 2014 मध्ये जाहीर झाले) फोनचा आरसा नसतात. गाडी चालवताना जेवढं लागतं तेवढंच, मोठ्या अक्षरांत स्क्रीनवर येतं. अॅडॅप्टरची डबी म्हणजे लग्नातला मध्यस्थ. गाडीला सांगते, 'मी तारेने जोडलेला फोन आहे.' फोनला सांगते, 'मी वायरलेसवाली गाडी आहे.' दोघंही खूश! ओळखपाळख ब्लूटूथवर होते, मग चित्र आणि आवाज वायफायवरून जातात, बहुतेक वेळा 5 गिगाहर्ट्झवर. इंटरनेट मात्र फोनच्या सिमचंच. म्हणजे डोंगरात रेंज गेली तर डबी काही करू शकत नाही. त्या भागाचा नकाशा घरूनच ऑफलाइन उतरवून घ्यायचा.

आता निवडीचा फंडा. पहिली परीक्षा डबीची नाही, गाडीची. तुमच्या गाडीत तारेने अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालतं का? नुसता ब्लूटूथवाला स्टिरिओ असेल तर ही डबी निरुपयोगी. आणि गाडीत वायरलेस आधीच असेल तर पैसे वाचले. गंमत अशी की काही कंपन्यांनी मधल्या मॉडेलला वायरलेस दिलं आणि मोठ्या स्क्रीनच्या टॉप मॉडेलला तार! त्यामुळे 'माझं तर टॉप मॉडेल आहे' या भ्रमात राहू नका. पोर्टही बघा. गाडीत दोन-तीन असतात, पण डेटा बहुधा एकाच पोर्टवर चालतो. बाकीचे नुसते चार्जिंगचे. फोन अँड्रॉइड असेल तर बहुतेक फोनांना अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढचं व्हर्जन लागतं.

दुसरी परीक्षा घरची. माझा फोन अँड्रॉइड, बायकोचा आयफोन. 2022 मध्ये आलेली मोटोरोलाची एमए1 फक्त अँड्रॉइड ऑटोसाठी आहे. कार्लिनकिट, ऑटोकास्ट यांच्याकडे दोन्ही चालवणाऱ्या डब्या मिळतात. पण दोन फोन गाडीत आले की जोडला कोणता जाणार? एकदा माझ्या गाडीत बायकोचा फोन जोडला गेला आणि तिच्या बहिणीचा माझ्याविषयीचा मेसेज स्पीकरवर वाचला जाता जाता राहिला. तेव्हा फोन चटकन बदलायची सोय आहे का, तेवढं विचारून घ्या.

तिसरी परीक्षा, किल्ली फिरवली की पोर्टची वीज बंद होते का? काही गाड्यांत होत नाही. मग तुम्ही घरात चहा पिताय आणि फोन खाली पार्किंगमधल्या डबीला चिकटलेला. इकडे कॉल येतो आणि आवाज जातो गाडीत!

चौथी, कंपनी सॉफ्टवेअरचे अपडेट देते का? फोन अपडेट झाला आणि डबी जुनीच राहिली की त्यांचं वाजतं. म्हणून डबीचं स्वतःचं अॅप आणि परत करायची मुदत, दोन्ही बघून घ्या. त्या मुदतीत तीन गोष्टी तपासायच्या. गाडी सुरू केल्यावर किती वेळात जोडते, कॉलवर समोरच्याला आपला आवाज नीट जातो का, आणि मध्येच तुटली तर आपोआप परत जुळते का.

मी गेलो त्या दुकानातल्या पोराने एक 'एआय बॉक्स' पुढे केला. "सर, यात यूट्यूब, सिनेमे, सगळं चालतं." मला ते गोधडीतलं पोर दिसलं. म्हटलं, "नको. कमी दाखवणारं दे." तो माझ्याकडे बघतच राहिला.

कायद्याचंही सांगून टाकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात फोन धरला तर पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. रस्ता बघण्यापुरती सूट आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तर. केबलशी झटापट करणाऱ्यासाठी वेगळं कलम मला दिसलं नाही. पण ट्रॉली कलम बघून थांबत नाही.

आणि एक गोष्ट जाहिरातीत शोधूनही सापडत नाही. वायरलेसवर फोन चार्ज होत नाही. उलट वायफाय, जीपीएस, गाणी असं तिहेरी काम करून तो तापतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, चाळिशीपार पाऱ्यात, काचेतून ऊन येत असताना सहा-सात तास हे चाललं की फोन स्वतःच मान टाकतो. चार्जिंग पॅडवर ठेवला तर आणखी तापतो. म्हणून माझा निकाल असा: ऑफिसच्या रोजच्या अर्ध्या-पाऊण तासासाठी डबी भन्नाट. लांबच्या पल्ल्याला मात्र चांगल्या प्रतीची, आखूड, घट्ट बसणारी केबल जवळ हवीच. तुमचं सगळं ड्रायव्हिंग लांबचंच असेल, तर आधी नवी केबल घेऊन बघा. माझ्या केबलची पिन सैल झाली होती, हे मला हजारो रुपये खर्चून झाल्यावर कळलं!

डबी आली. अप्पांचे दोन्ही डोळेही झाले. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर आम्ही परत निघालो. जामखेडपर्यंत डबी शहाण्यासारखी वागली. सौताड्याजवळ स्क्रीन अडखळली आणि काळी झाली. जुन्या सवयीने हात सुटला... आणि परत स्टिअरिंगवर आला. ठरवलंच होतं, स्क्रीन गेली तर गेली. पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. हा नियम कुठल्याच डबीसोबत येत नाही, तो आपला आपल्यालाच बसवून घ्यावा लागतो.

अप्पा काळा चष्मा सावरत बाहेर बघत होते. म्हणाले, "काय झालं रे तुझ्या त्या बिनतारीचं?"

"गेली वाटतं, अप्पा."

"जाऊ दे. तू चालव. मला आता सगळं दिसायलंय."