लॅपटॉप परत मिळेल, खतावणी मिळणार नाही

रमजान जवळ आला की कापडाच्या दुकानात दोन कामे एकदम अंगावर येतात. एक ईदचा माल भरणे आणि दुसरे जकातीचा हिशेब काढणे. गोदामात माल किती, रोकड किती, लोकांकडून येणे किती आणि आपले देणे किती, हे कळल्याशिवाय अडीच टक्के कशाचे काढणार? पूर्वी हे सर्व लाल कापडाच्या वहीत असे. आता ते लॅपटॉपमध्ये असते. तीन वर्षांपूर्वी शाबानच्या शेवटच्या आठवड्यात माझा जुना लॅपटॉप सुरूच होईना.

पुतण्या म्हणाला, "चाचा, लॅपटॉपसोबत रिकव्हरी डिस्क आली होती, ती लावून बघू." डिस्क लावली. पडद्यावर आलेली सूचना न वाचताच मी 'होय' दाबले. दोन तासांत लॅपटॉप अगदी नवा झाला, इतका नवा की आत काहीच उरले नाही. टॅली गेले आणि सात वर्षांची खतावणीही गेली. पेनड्राइव्हवरची शेवटची नक्कल चौदा महिने जुनी होती. चूक सर्वस्वी माझी होती.

उधारी बुडाली, त्याचे दुःख झालेच. पण अधिक बोचली ती दुसरी गोष्ट. पैठणकडच्या एका किरकोळ दुकानदाराने आठ हजार रुपये आगाऊ दिल्याचे सांगितले. त्याच्याकडे पावती नव्हती, माझ्याकडे नोंद नव्हती. मी त्याचा शब्द मानला. पण जे संकोचाने आलेच नाहीत, त्यांचा हक्क माझ्याकडे राहिला असेल, त्याचे काय? त्या वर्षी जकातही अंदाजाने, थोडी जास्त धरूनच काढावी लागली.

व्यापारी बंधूंनी रिकव्हरी आणि बॅकअप यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. आपल्या औरंगाबादेत (छत्रपती संभाजीनगर) हिमरूचे काम पाहिलेल्यांना तो लगेच कळेल. जॅकार्डच्या मागावर नक्षी असते ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत. माग मोडला तर दुसरा घेता येतो. पुठ्ठे गेले तर ती नक्षीच गेली. रिकव्हरी डिस्क आपल्याला माग परत देते, म्हणजे कारखान्यातून निघाला तसा लॅपटॉप. पुठ्ठे जपायचे काम बॅकअपचे, म्हणजे आपल्या नोंदींच्या नकलेचे आहे.

मग रिकव्हरी केव्हा वापरावी? विंडोज सुरू होत नाही आणि दुरुस्तीचे साधे उपाय संपले, व्हायरस निघत नाही, किंवा लॅपटॉप विकायचा आहे तेव्हा. तेही नोंदींची नक्कल हातात आल्यावरच. विंडोज बंद पडले म्हणजे नोंदी नष्ट झाल्या असे नसते. जाणकार कारागीर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडतो आणि बहुतेक वेळा नोंदी उतरवून देतो. मी एक दिवस थांबलो असतो तर कदाचित सर्व वाचले असते. नव्या लॅपटॉपना डिस्कची खाचच नसते. त्यासाठी १६ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह लॅपटॉप चांगला चालत असतानाच करून ठेवावा. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

नक्कल मात्र रोज, दुकान बंद करताना घ्यावी. दोन बाहेरच्या डिस्क ठेवाव्यात, एक दुकानात आणि एक घरी. दर जुम्म्याला त्यांची अदलाबदल करावी. आग, पाणी, चोरी यांपैकी काहीही दुकानात शिरले तरी घरची प्रत वाचते. नक्कल झाल्यावर डिस्क लॅपटॉपपासून काढून ठेवावी. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या व्हायरसने मर्स्क या जगातील बड्या जहाज कंपनीचे संगणक पुसले, तेव्हा न्हावा शेवा बंदरातील तिच्या धक्क्याचेही काम ठप्प झाले. एका मुख्य नोंदीच्या नकला अनेक देशांत होत्या, पण सर्व एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे सर्वच गेल्या. वाचली ती फक्त घानामधली, कारण वीज गेल्याने तेथील संगणक त्या वेळी बंद पडला होता. भारनियमन सोसलेल्या मराठवाड्याने हा धडा तरी घ्यावा.

महिन्यातून एकदा नक्कल उघडून पाहावी. टॅलीत ती चालू नोंदींवर न उतरवता वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवावी, नाहीतर जुने आकडे नव्यावर बसतील.

कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. नियम ५७ तर संगणकावरील हिशेबाचा बॅकअप ठेवण्यास स्पष्ट सांगतो, अपघात किंवा नैसर्गिक आपत्तीनंतर नोंदी परत उभ्या करता याव्यात म्हणून.

पण आपल्यासाठी याहून जुना हुकूम आहे. कुरआन शरीफमधील सर्वात लांब आयत, सूरह बकरातील २८२वी, कर्जाच्या लिखापढीविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये आणि साक्षीदार ठेवावेत, अशी ताकीद तिच्यात आहे. नोंद आपल्या सोयीची वस्तू नाही. तिच्यात दुसऱ्याचा हक्क असतो, म्हणून ती अमानत आहे. लॅपटॉप तीस-चाळीस हजारांत दुसरा मिळेल. एखाद्या गरीब दुकानदाराचे आठ हजार विसरल्याचा जाब उद्या हश्राच्या दिवशी विचारला जाईल, तेव्हा 'डिस्क बिघडली होती' हे उत्तर चालणार नाही. आज दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे काढा.