गोठा बांधताय? आधी वासराची जागा ठरवा



गाय गोठ्याच्या अर्जांची सध्या लगबग आहे. चांगलं आहे. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या 2021 च्या शासन निर्णयात दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याला 77,188 रुपये धरलेत. माप 7.7 बाय 3.5 मीटर, सोबत गव्हाण, 250 लिटरचं मूत्राचं टाकं, 200 लिटरची पाण्याची टाकी. (आजचा आकडा ग्रामरोजगार सेवकाला विचारा. जनावराच्या कानात बिल्ला हवाच.) पण या यादीत वासराची वेगळी जागा नाही, आणि माझं भांडण तिथंच आहे.

आपल्या बऱ्याच जणांकडे कोकण कपिला किंवा तसलीच गावठी गाय. 2018 मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. दूध थोडं, तेही बरंचसं वासरूच पितं. म्हणजे तिची कमाई काय, तर धडधाकट वासरू आणि शेण. मग गोठा वासराला धरून नको बांधायला?

माझी स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी घरचा गोठा मीच आखला. कुडाच्या भिंती पाडल्या, चारी बाजूंनी विटा, गुळगुळीत कोबा, वर ठेंगणा पत्रा. आषाढात आठ दिवस पाऊस उघडला नाही. आत कोंदट, कोबा ओला, मुताचा वास नाकात झोंबणारा. पंधरा दिवसांची कालवड खोकायला लागली, चौथ्या दिवशी गेली. आई एवढंच म्हणाली, "कुडातून वारा तरी येत होता रे."

आता मोबाईलवर देशावरचे मुक्त संचार गोठे फिरतात. कल्पना चांगली, पण ते उघडं आवार आपल्याकडे जूनपासून खाचर होतं. उघडी जागा दिवाळीनंतर वापरा. पावसाळ्यात सगळं छपराखालीच.

भिंत कमरेएवढी, वर कारवी नाहीतर कामट्या. नैऋत्येला पागोळी लांब काढा, झड आत येत नाही. छप्पर मध्ये उंच ठेवा. कोबा खरखरीत, दर चार फुटाला एक इंच उतार. कोपऱ्यात वासरासाठी बांबूची उचललेली फळी, वर कोरडा पेंढा, रोज बदललेला. मधला अडसर असा, की गाय वासराला चाटू शकेल. पाजायला सोडायचं आणि परत आत.

जागेचा हिशोब: गाईला साडेतीन चौरस मीटर, वासराला किमान एक. चार गाई, चार वासरं म्हणजे 18. योजनेचा गोठा जेमतेम 27 चा, त्यात गव्हाण. सहा गाई वासरांसकट कोंबू नका.

बांधलेला असेल तर आज पहाटे आत जा, वासराच्या नाकाएवढं खाली बसा, श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर वरच्या चार विटा काढा. खर्च शून्य.

पत्रा आणायच्या आधी आखणीचा फोटो मला याच नंबरवर पाठवा.