डबके बुजवायचे की जगवायचे?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीची तातडीची सभा बोलावली गेली. विषय एकच होता : इमारतीमागचे माशांचे तळे बुजवणे. आठ दिवसांत इमारतीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले होते. एक कॉलेजात जाणारी मुलगी आणि दुसरे सत्तरीतले आजोबा. मुलगी घरीच बरी झाली, आजोबांना मात्र सहा दिवस रुग्णालयात काढावे लागले. लोक घाबरले होते आणि घाबरण्यात काही चूक नव्हती.

तळे म्हणजे काय, तर कळव्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या मागे बिल्डरने हौसेने बांधून दिलेला सिमेंटचा हौद. ८ फूट लांब, ५ फूट रुंद, अडीच फूट खोल. कारंज्याची मोटर केव्हाच जळालेली. पाणी हिरवे, तळाशी कुजलेल्या पानांचा लगदा, कोपऱ्यात कुणीतरी भक्तिभावाने सोडलेले निर्माल्य. आरोपी म्हणून उभे करायला याहून सोयीचे काही नव्हते. ‘‘डॉक्टर, आता तुम्हीच सांगा,’’ असे म्हणून सगळे माझ्याकडे वळले. मी सरकारी रुग्णालयात नोकरी करतो, दर पावसाळ्यात तापाच्या रुग्णांची रांग पाहतो. मी एक दिवसाची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरा वाडगा आणि बॅटरी घेऊन सेक्रेटरींसह तळ्यापाशी गेलो. डासांच्या अळ्या शोधण्याची ही साधी पद्धत आहे. पाण्याच्या कडेने वाडगा अलगद बुडवायचा आणि पांढऱ्या तळावर वळवळ दिसते का ते पाहायचे. आम्ही दहा ठिकाणी वाडगा बुडवला. एकही अळी मिळाली नाही. मिळाले ते बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे. मग आम्ही इमारत फिरलो. गच्चीवरच्या निळ्या पिंपात अळ्या होत्या, दोन घरांतल्या मनी प्लांटच्या बाटल्यांत होत्या, कुंड्यांखालच्या ताटल्यांत होत्या आणि एका फ्रिजमागच्या ट्रेमध्येही होत्या. तळे निर्दोष होते.

गोष्ट इथेच संपली असती तर मला हा लेख लिहायची गरज पडली नसती. सभेने तळे बुजवण्याचा ठराव मागे घेतला, पण ‘निदान एकदा स्वच्छ तरी करून टाकू’ असे ठरवले. रविवारी पंप लावून सगळे पाणी उपसले. भिंती ॲसिडने घासल्या, तळाला ब्लीचिंग पावडर टाकली, नळाचे ताजे पाणी भरले आणि बादलीत ठेवलेले मासे संध्याकाळी परत सोडले. मी तिथेच उभा होतो. मलाही ते चकचकीत पाणी पाहून बरे वाटले होते. सकाळी बहुतेक मासे उलटे होऊन तरंगत होते. पुढच्या आठवड्यात त्या काचेसारख्या नितळ पाण्यात अळ्या वळवळू लागल्या. घाण असताना जे तळे निर्दोष होते, ते आम्ही स्वच्छ करून दोषी ठरवले.

असे का झाले हे समजून घेतले तर अशा प्रत्येक हौदाचे काय करायचे ते कळेल.

पहिली गोष्ट डासांची. ‘घाण पाणी म्हणजे डास’ हे समीकरण अर्धेच खरे आहे. गटाराच्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो हत्तीरोग पसरवू शकतो, पण डेंग्यू त्याचे काम नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती पिंपे, बाटल्या, टायर यांतले साठलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. शहरी हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टिफेन्साय टाक्या, विहिरी आणि कारंज्यांचे हौद शोधतो. आमच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असे आरोग्य कर्मचारी सांगतात. आमचे नवे पाणी स्वच्छ होते, उघडे होते, साचलेले होते आणि त्यात मासे नव्हते. डासांना आणखी काय हवे?

दुसरी गोष्ट माशांची. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपले रक्षण करते, पण माशांचे कल्ले जाळते. त्यात आम्ही ब्लीचिंग पावडरची भर घातली होती. शिवाय हौदाच्या भिंतींवर, दगडांवर जो बुळबुळीत थर असतो तो नुसता मळ नसतो. त्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. हे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट पाणवनस्पती शोषून घेतात. आम्ही ॲसिडने घासून हौदाचे जणू मूत्रपिंडच काढून टाकले होते. रुग्णाच्या बाबतीत असा अविचार मी कधीच केला नसता.

मासे आणि डास यांचा हा हिशेब आपल्याकडे नवा नाही. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला. शहराच्या मध्यवस्तीतल्या विहिरींमध्ये स्टिफेन्साय डास वाढतो, तेव्हा विहिरी बंद करा, असा त्याचा रोख होता. विहिरीच्या पाण्याशी ज्यांची पूजाअर्चा जोडलेली होती त्यांनी, विशेषतः पारशी समाजाने, त्याला विरोध केला. मग काही विहिरी बुजल्या, तर काहींवर बारीक जाळीची झाकणे आली. त्याच काळात, म्हणजे १९०८ च्या सुमारास, गप्पी मासा भारतात आला. अळ्या खाणारा दुसरा मासा, गॅम्बुसिया, १९२८ मध्ये आला. बुजवा, झाका किंवा मासे सोडा, हे तीन पर्याय शंभर वर्षांपूर्वीही होते आणि आजही तेच आहेत. चौथा पर्याय, म्हणजे ‘असू दे, बघू नंतर’, हा मात्र तेव्हाही रोगाच्या बाजूचा होता आणि आजही आहे.

आता हौद स्वच्छ करायचा तो कसा? आम्ही दुसऱ्यांदा केला तसा. घाई न करता, तीन आठवड्यांत.

आधी गाळणीने किंवा जाळीच्या पिशवीने तरंगती पाने, प्लास्टिक, निर्माल्य काढावे. मग तळाचा गाळ काढावा, पण एका दिवशी सगळा नाही. गाळ ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो पाण्यात मिसळला आणि त्याच वेळी प्राणवायू कमी झाला तर मासे मरतात. म्हणून एका वेळी हौदाचा एक कोपरा घ्यावा. पाणी एकदम बदलू नये. आठवड्याला पाव भाग काढून तेवढेच नवे घालावे. आमच्या हौदात साधारण २,८०० लिटर पाणी मावते, म्हणजे एका वेळी ७०० लिटर. नवे पाणी आधी उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवले की त्यातले क्लोरीन बहुतांशी उडून जाते. फक्त ते पिंप दोन दिवसांत वापरा, नाहीतर डासांना दुसरा हौद मिळेल. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात क्लोरीन मारणारे द्रावण मिळते. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. फोटोग्राफर ज्याला ‘हायपो’ म्हणायचे तेच हे रसायन.

भिंतींपैकी फक्त पाण्याच्या रेषेवरचा वीतभर पट्टा ब्रशने घासावा. एडिसची मादी अंडी घालते ती तिथे, ओल्या भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढले की फुटतात. हौद नुसता रिकामा ठेवल्याने ती मरत नाहीत. रेषेखालचा थर मात्र जिवाणूंसाठी राहू द्यावा. साबण, ॲसिड, फिनेल यांचे इथे काही काम नाही. जळके तेल किंवा रॉकेल ओतले तर अळ्यांबरोबर मासेही जातात. मासे नसलेल्या पाण्यात किंवा अळ्या फार झाल्या तर बीटीआय हे जिवाणूजन्य औषध आहे. ते अळ्या मारते आणि माशांना अपाय करत नाही. ते कुठे आणि किती टाकायचे हे हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्याला विचारावे.

हिरव्या रंगाचा दोष उन्हाचा आणि खाद्याचा. सूर्यप्रकाश आणि नायट्रेट मिळाले की शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू देते, पण रात्री स्वतःच वापरते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमिट करताना दिसले तर समजावे की त्यांचा श्वास कोंडला आहे. निम्म्या पाण्यावर कमळाच्या पानांची सावली आणि छोटा हवेचा पंप एवढ्याने बरेच भागते. जलपर्णी मात्र चुकूनही आणू नये. ती पाणी झाकून टाकते आणि तिच्या दाट मुळांमध्ये अळ्यांना लपायला जागा मिळते.

स्वच्छता करणाऱ्याची काळजी हा माझा खास विषय. जिथे उंदीर तिथे लेप्टोस्पायरोसिसची शक्यता. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराची लाट मुंबई-ठाण्याच्या डॉक्टरांनी पाहिली आहे. उंदराच्या मूत्रातला जंतू पायाच्या जखमेतून शिरतो. म्हणून गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. मधुमेही माणसाने आणि ज्याच्या हातापायाला जखम आहे त्याने या पाण्यात उतरू नये. खरचटलेच तर साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना ‘मी हौद साफ केला होता’ हे सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होते. पंपाचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. आणि लहान मूल बुडायला अडीच फूट पाणी खूप होते, तेव्हा कठडा किंवा जाळी हवीच.

नंतरची निगा आठवड्याला अर्ध्या तासाची आहे. पाने काढणे, कडेने चार वाडगे बुडवून अळ्या पाहणे, पाणी थोडे बदलणे. मासे पाच मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य. आणि त्यात अळ्या खाणाऱ्या माशांना पोटभर पाव खाऊ घातला तर ते अळ्यांकडे कशाला पाहतील? मासे फार वाढले तर ते खारीगावच्या तलावात किंवा खाडीत सोडू नका. गॅम्बुसिया हा जगातल्या सर्वाधिक उपद्रवी १०० परकीय जातींच्या यादीत आहे. देशी माशांची अंडी-पिल्ले तो फस्त करतो. गप्पी त्याच्याइतका बदनाम नसला तरी बंदिस्त हौदातच शोभतो. जास्तीचे मासे दुसऱ्या एखाद्या सोसायटीच्या हौदाला द्यावेत.

आता मुद्द्याचे. माझे मत असे की असा हौद ठेवावा, पण तो सगळ्यांच्या मालकीचा असला तरी एका माणसाच्या जबाबदारीचा असावा. सूचनाफलकावर त्याचे नाव असावे, महिन्याचा खर्च सोसायटीच्या हिशेबात असावा आणि तो माणूस गावी गेला तर काम कोण करणार हेही लिहिलेले असावे. असे नाव देणारा एकही सभासद नसेल तर मी स्वतः म्हणेन की हौद मातीने भरा आणि त्यात झाडे लावा. त्यात लाज नाही. अर्धवट सांभाळलेला हौद हाच सगळ्यात वाईट.

पण भरण्याआधी एवढे आठवावे. ठाणे तलावांचे शहर म्हणवते. इथे एकेकाळी साठच्या वर तलाव होते असे सांगतात, आज ते पस्तीसच्या आसपास उरले आहेत. यांतले अनेक एका दिवसात गेले नाहीत. आधी दुर्लक्ष झाले, मग घाण झाली, मग ‘डास होतात’ ही तक्रार आली आणि मग भराव पडला. डासांची तक्रार खरीच असते. पण भराव पडला तरी गच्चीवरचे पिंप तिथेच असते.

आमच्या इमारतीत त्या पिंपाला आता घट्ट झाकण आहे. तळ्याच्या फलकावर दोन नावे आहेत. एक माझे आणि दुसरे त्या सत्तरीतल्या आजोबांचे. सभेत तळे बुजवायला सर्वांत मोठ्या आवाजात त्यांनीच सांगितले होते. दर रविवारी सकाळी ते पांढरा वाडगा घेऊन खाली उतरतात आणि दहा वेळा मोजून बुडवतात. मी आठवर थांबलो तर मला रागावतात.