भिंतीआडच्या मनांसाठी : आमचा जाहीरनामा

आम्ही शिक्षा भोगून बाहेर आलेली माणसं आहोत. आत असलेल्यांच्या आया, बायका, भाऊ आहोत. मानसोपचारतज्ज्ञ, वकील आणि निवृत्त तुरुंग कर्मचारीही आमच्यात आहेत. कैद्याचं मन मोडणं हा कोणत्याही शिक्षेचा भाग नाही, हे ठणकावून सांगायला आम्ही एकत्र आलो आहोत.

न्यायालय कैद्याचं स्वातंत्र्य काढून घेतं. त्याची झोप, उमेद आणि भान काढून घ्या, असा हुकूम कोणताही न्यायाधीश देत नाही. तरी ते घडतं. देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. पक्का कैदी सुटकेचं साल मोजतो, कच्च्याच्या हाती फक्त पुढची तारीख असते. पोलीस बंदोबस्तात अडकले की कोर्टात नेणारी गाडी येत नाही आणि तीही तारीख हुकते. ही टांगती अवस्था माणसाला आतून पोखरते. पहिली रात्र तर जीवघेणी. मोबाइल जमा होतो, त्याबरोबर घरच्यांचे नंबरही जातात. पाठ कुणाचेच नसतात. बराकीतला दिवा रात्रभर चालू. शेजाऱ्याला खेटून झोपायचं, आणि मनातलं बोलायला कुणी नाही. तुरुंगातल्या अनैसर्गिक मृत्यूंत सर्वाधिक मृत्यू आत्महत्येचे असतात, हे सरकारचीच आकडेवारी सांगते.

आम्ही उपकार मागत नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय हवी आणि तुरुंगातल्या प्रत्येक डॉक्टरला त्याचं प्राथमिक प्रशिक्षण हवं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, विशेषतः पहिल्यांदा तुरुंगात आलेल्यांसाठी, समुपदेशक नेमायला सांगितलं. कागद तयार आहे. तो बराकीपर्यंत न्यायचा आहे.

माणूस विश्वासाने सावरतो, यावर आमची श्रद्धा आहे, आणि तिला आपल्याच मातीतला पुरावा आहे. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीशिवाय, कुटुंबासह राहिले, शेती कसू लागले. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत. एका छोट्या संस्थानाला जे जमलं, ते आज महाराष्ट्राला न जमण्याचं कारण नाही.

म्हणून आम्ही कामाला लागत आहोत. नव्या कैद्याशी पहिल्याच दिवशी कुणीतरी निवांत बोलेल आणि त्याचा निरोप घरी पोहोचेल, यासाठी आम्ही प्रत्येक तुरुंग प्रशासनाकडे आग्रह धरू. कैद्यांमधूनच ऐकून घेणारे सोबती तयार करू. रात्री बराक बंद झाल्यावर जवळ तेच असतात. रात्रभर एसटीने येऊन काचेपलीकडच्या लेकाशी काही मिनिटं बोलणाऱ्या आईसाठी मुलाखतीची वेळ वाढवून घेऊ. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार जामिनाला पात्र झालेल्या कच्च्या कैद्यांची प्रकरणं आमचे वकील कोर्टात लावून धरतील, कारण सुटकेइतकं गुणकारी औषध दुसरं नाही. अपुऱ्या मनुष्यबळात पहारा देणाऱ्या शिपायाचं मनही थकतं. त्याच्यासाठीही समुपदेशनाचं दार उघडं ठेवू.

तुम्ही डॉक्टर असाल तर महिन्यातला एक दिवस द्या. वकील असाल तर एक प्रकरण घ्या. आणि तुमच्या गल्लीत कुणी सुटून आलं असेल, तर आज त्याच्या घरी जाऊन या.