बैलाला लस, मालकाचे काय?

मृग तोंडावर आला की गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत लगबग सुरू होते. घटसर्प आणि फऱ्या या दोन रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी जनावरांना टोचून घ्यायच्या असतात. मेंढपाळ याच सुमारास कळपाला आंत्रविषाराची लस देतात. फऱ्या म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. चांगले पोसलेले तरुण जनावर एकाएकी लंगडू लागते, मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते, ती दाबली की चरचर आवाज येतो आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावते. उपचाराला सवड मिळत नाही, म्हणून आधी लस. हा हिशेब शेतकऱ्याला पक्का ठाऊक आहे.

फऱ्या आणि आंत्रविषार ज्या जिवाणूंमुळे होतात, त्यांचे कूळ एकच. त्याला क्लॉस्ट्रिडियम म्हणतात. माणसाला धनुर्वात होतो तो याच कुळातल्या क्लॉस्ट्रिडियम टेटानी या जिवाणूमुळे. तोही त्याच मातीत आणि त्याच शेणात असतो. मग प्रश्न असा, की बैलाची टोचणी झाली; पण त्याच्या मागे अनवाणी चिखलात उतरणाऱ्या मालकाने धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : मागे विळा लागला होता तेव्हा एक टीटी मारली होती. या उत्तरावर समाधान मानण्याची सवय केवळ शेतकऱ्याला नाही, तर आपल्या आरोग्य यंत्रणेलाही लागली आहे.

या जिवाणूंचे बळ त्यांच्या बीजाणूंत आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की क्लॉस्ट्रिडियम स्वतःभोवती टणक कवच तयार करतो आणि वर्षानुवर्षे मातीत निपचित पडून राहतो. ऊन, दुष्काळ, नेहमीची जंतुनाशके यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. पाणी उकळून केलेले निर्जंतुकीकरणही त्याला पुरेसे नसते. त्यासाठी ऑटोक्लेव्हमधील दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते. हा जिवाणू वाढतो मात्र प्राणवायू नसलेल्या जागी. म्हणूनच खोल रुतलेला काटा, पायात घुसलेली तुरीची खुंटी, नांगराच्या फाळाने झालेली जखम किंवा अपघातात चिरडलेले स्नायू त्याला मानवतात. वर खपली धरलेली, आत मात्र मृत पेशी आणि मातीचे कण राहिलेली जखम त्याच्या सोयीची. गंजलेल्या लोखंडानेच धनुर्वात होतो, ही समजूत खरी नाही. गंजाचा दोष नाही, खिळ्यावरच्या मातीचा आहे. बाभळीचा कोवळा काटाही तेवढाच घातक ठरू शकतो.

जखमेत रुजलेला जिवाणू तिथेच राहतो. प्रवास करते ते त्याचे विष. मज्जातंतूंच्या आतून ते मणक्यातील मज्जारज्जूपर्यंत पोचते. स्नायू आवळण्याचा आणि सैल सोडण्याचा असे दोन्ही आदेश तिथून सुटतात. हे विष नेमका सैल सोडण्याचा आदेश बंद पाडते. परिणामी स्नायू आवळले जातात आणि आवळलेलेच राहतात. आधी जबडा बसतो, घास गिळता येत नाही, मग मान ताठते, पोट फळीसारखे होते आणि पाठ मागे वाकून शरीराचे धनुष्य होते. सुश्रुतसंहितेत या विकाराला धनुस्तंभ म्हटले आहे, ते याच लक्षणावरून. दिव्याचा झोत, भांडे पडल्याचा आवाज, अंगाला झालेला साधा स्पर्श एवढ्यानेही झटका येतो. आणि या सगळ्या काळात रुग्ण शुद्धीवर असतो. जखमेनंतर साधारण ३ ते २१ दिवसांत ही लक्षणे दिसतात. तोवर जखम कधी कधी भरूनही आलेली असते.

एकदा का विष मज्जातंतूंना चिकटले, की ते सोडवणारे औषध आजही नाही. टिटॅनस इम्युनोग्लोबुलिन हे तयार प्रतिविष रक्तात मोकळे फिरणारे विष निकामी करते, मेट्रोनिडाझोलसारखे प्रतिजैविक जिवाणू मारते, शल्यचिकित्सक जखम उघडून मृत भाग काढून टाकतो. बाकी उपचार म्हणजे अंधाऱ्या, शांत खोलीत झटके आवरणारी औषधे देत, गरज पडल्यास व्हेंटिलेटरवर ठेवून रुग्णाला जगवणे. मज्जातंतूंची नवी जोडणी तयार होईपर्यंत हे चालते आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या देशांतही साधारण दहातला एक रुग्ण दगावतो. जिथे व्हेंटिलेटरची खाट तालुक्याला नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणी शोधावी लागते, तिथले चित्र याहून वाईट असणार, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही.

धनुर्वाताची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत आणि सगळे धोरण त्यांच्यावर अवलंबून आहे. गोवर किंवा पोलिओ माणसाकडून माणसाला होतो. म्हणून पुरेशा मुलांना लस दिली की न घेतलेल्यांनाही थोडे संरक्षण मिळते. धनुर्वात संसर्गाने पसरत नाही. शेजारच्या शंभर जणांनी लस घेतली, तरी न घेतलेल्या एकशे एकाव्याचा धोका तसूभरही कमी होत नाही. दुसरे असे, की हा रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. झटके येण्यास पुरणारे विष इतके थोडे असते, की शरीर त्याची दखलही घेत नाही. त्यामुळे बरा होऊन घरी परतलेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते. माती निर्जंतुक करता येणार नाही आणि शेजाऱ्याची लस आपल्या कामी येणार नाही. प्रत्येकाचे संरक्षण ज्याचे त्यालाच मिळवावे लागते.

या लढाईत भारताने मिळवलेले यश मोठे आहे. नाळ कापण्यासाठी विळा किंवा जुने पाते, नाळेवर राख नाहीतर शेण, आणि आठवडाभरात दूध ओढायचे थांबवणारे बाळ, हे दृश्य कित्येक पिढ्यांनी पाहिले. गरोदर मातांना लस, रुग्णालयातील बाळंतपण आणि नाळेची स्वच्छता या तीन गोष्टींच्या बळावर २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, असा त्याचा निकष. यात आशा सेविका आणि परिचारिकांनी केलेले काम डोंगराएवढे आहे.

पण या यशाला एक कोपरा सुटला आहे. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मिळते, पुढे १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीचे बूस्टर, मग १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी. पूर्वीच्या टीटीची जागा घेणारी ही लस धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही रक्षण करते. त्यानंतर स्त्रीला गरोदरपणात पुन्हा डोस मिळतात. पुरुषाला मात्र सोळाव्या वर्षानंतर ठरलेला एकही डोस नाही. शिवाय सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला आणि १९९० पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व जिल्ह्यांत पोचला. म्हणजे आज पन्नाशी-साठीत असलेल्या खेड्यातल्या अनेक पुरुषांना लहानपणीचे मूळ तीन डोसही मिळालेले नसण्याची शक्यता मोठी आहे. मातीत सर्वांत जास्त हात घालणारा हाच वर्ग. साठीपुढच्या स्त्रियांचीही गत फार निराळी नाही. घरीच बाळंत झालेल्या कित्येकींपर्यंत लस पोचली नाही आणि ज्यांना मिळाली त्यांनाही ती घेऊन दशके लोटली.

या पोकळीत एक समजूत घट्ट बसली आहे : टीटी सहा महिने चालते. या एका वाक्याने दोन उलट चुका होतात. ज्याचे सर्व डोस पूर्ण आहेत, तो प्रत्येक खरचटण्याला सुई टोचून घेतो. त्याला तिची गरज नसते. उलट वारंवार घेतल्याने दंड सुजणे, ठणकणे असे त्रास होतात. आणि ज्याला मूळ डोस कधी मिळालेच नाहीत, तो एका सुईवर निर्धास्त होतो. त्याच्या शरीराने ही लस आधी कधी ओळखलेलीच नसते. एका डोसाने पुरेसे संरक्षण तयार होत नाही आणि जे थोडे होते, तेही त्या जखमेच्या धोक्याचा काळ सुरू झाल्यावर. एकाला नको तेवढे आणि दुसऱ्याला हवे ते नाही, असा हा प्रकार आहे.

खरा हिशेब साधा आहे. तीन मूळ डोस झालेल्या माणसाला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसाला दहा वर्षे उलटली असतील तरच बूस्टर लागतो. जखम खोल, मातीची, शेणाची किंवा चिरडलेली असेल, तर ही मर्यादा पाच वर्षांची. मूळ डोस झालेले नसतील किंवा काहीच आठवत नसेल, तर अशा मळक्या जखमेला लसीबरोबर दुसऱ्या जागी इम्युनोग्लोबुलिनही द्यावे लागते, आणि तिथे न थांबता उरलेले डोस पूर्ण करावे लागतात : दुसरा किमान चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. या सगळ्याच्या आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुणे. तिच्यावर माती, शेण किंवा चुना थापणे म्हणजे जिवाणूला निमंत्रण आणि वर झाकण. लस धनुर्वात रोखते, पण याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूमुळे होणाऱ्या वायुकोथावर, म्हणजे गॅस गँगरीनवर, माणसासाठी लस उपलब्ध नाही. तिथे जखमेची वेळेवर, नीट साफसफाई हाच बचाव.

कुळातल्या आणखी दोघांची ओळख घरोघरी असायला हवी. बोट्युलिनमचे बीजाणू मधात असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून बाळ लुळे पडू शकते. म्हणून बाळगुटीत असो वा जन्मल्यावर चाटवण्यासाठी असो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, ज्याचे नाव आता बदलून क्लॉस्ट्रिडिऑइडीस झाले आहे, तो प्रतिजैविकांच्या वापरानंतर उपद्रव करतो. आतड्यातले उपकारक जिवाणू औषधाने मेले की त्याला मोकळे रान मिळते आणि जुलाबाचा गंभीर आजार होतो. त्याच्या बीजाणूंना हाताला चोळायचे सॅनिटायझर मारत नाही, साबण-पाणीच लागते. सर्दी-पडशाला मागून घेतलेल्या प्रतिजैविकाची ही एक किंमत आहे.

धनुर्वाताबाबत महाराष्ट्राची जबाबदारी थोडी अधिक आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावात प्लेगच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. ती लस मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत बनली होती. ठपका वॉल्डेमार हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसायला १९०७ उजाडले. बाटली मुंबईत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली, असा निष्कर्ष पुढे निघाला. त्याच प्रयोगशाळेला नंतर हाफकिन यांचे नाव मिळाले. १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, ती घोड्यांच्या रक्तातून धनुर्वाताचे प्रतिविष बनवण्यापासून सुरुवात करत. ज्या राज्याचा या रोगाशी इतका जुना परिचय आहे आणि जिथून जगभर लसी जातात, तिथल्या शेतकऱ्याने काट्याने मरू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

त्यासाठी नवे संशोधन नको, मोठा निधीही नको. लस उपकेंद्राच्या शीतपेटीत आहे. टोचणारी परिचारिका गावात येते. पावसाळ्यापूर्वी पशुवैद्यकीय खाते गावात येईल, त्याच दिवशी, त्याच चावडीपाशी आरोग्य खात्याने माणसांसाठी टीडीचे टेबल मांडावे. चाळिशीपुढच्या ज्यांची नोंद नाही, त्यांना पहिला डोस तिथे आणि दुसरा महिन्याने द्यावा. तिसरा पुढच्या मृगाच्या टोचणीला देता येईल. ऊसतोड कामगार, सफाई कर्मचारी, बांधकाम मजूर यांच्यासाठी हीच सोय कामाच्या ठिकाणी करता येईल. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात इम्युनोग्लोबुलिनचा साठा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद. लहान मुले आणि गरोदर माता यांच्या डोसांची नोंद आता यू-विन प्रणालीवर होते. तीच सोय प्रौढांसाठी खुली केली, तर 'सहा महिने चालते' या समजुतीवर विसंबण्याची वेळ डॉक्टरवरही येणार नाही आणि रुग्णावरही.

तोवर वाचकांनी एवढे करावे. घरातल्या मोठ्या माणसांना विचारावे, की टीटी किंवा टीडीचे एकूण किती डोस झाले आणि शेवटचा कधी. उत्तर मिळाले, तर ते तारखेसह कागदावर लिहून ठेवावे. उत्तर मिळाले नाही, तर पेरणीची घाई सुरू होण्याआधी त्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे.