डोंगरावरचे दोन चर

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, फोर-बाय-फोर जीप घेतली आणि शेजारच्या सीटवर बसायचा पहिला मान मला मिळाला. पहाटे पाचोडहून निघालो. आडूळ, संभाजीनगर, कन्नड करत अजिंठ्याच्या डोंगररांगेत. गौताळा अभयारण्याच्या हद्दीबाहेरची एक जुनी गाडीवाट दादाला कुणीतरी सांगितली होती.

खोटं कशाला बोलू, मजा आली. टायरमधली हवा तिशीवरून विशीवर आणली, लो-रेंज टाकली, आणि पहिल्या गियरमध्ये गाडी दगडांवरून कासवासारखी चढू लागली. मी खाली उतरून पुढे "डावीकडे घे, अजून डावीकडे" ओरडत होतो. उतारावर ब्रेक दाबायचा नाही, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. हे कसब आहे आणि ते दादाकडे आहे. (दादा, इथपर्यंत वाचलंस ना? आता पुढचं वाचू नकोस. :))

एका चढावर चाकं जागीच फिरायला लागली. दादाने रेस वाढवली. मुरूम उडाला, सागाची रोपं चिखलाने माखली, तिसऱ्या प्रयत्नात गाडी वर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मागे वळून पाहिलं तर उतारावर दोन चर पडले होते आणि त्यांच्या तळाशी काळा दगड दिसत होता.

माझं भांडण इथून सुरू होतं. आपल्या या डोंगरांवर माती असते ती केवढी? कित्येक ठिकाणी वीतभर मुरूम, आणि खाली सरळ बेसॉल्ट. तेवढा थर गवताची मुळं धरून ठेवतात. चाकाने मुळं तुटली की पुढचा पाऊस त्याच चरातून धावतो. चराची घळ होते. मग पुढचा जीपवाला घळ चुकवायला बाजूने गाडी घालतो, आणि एका वाटेच्या तीन होतात. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात कन्नड घाटात दरडी कोसळून राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता. त्या दरडी जीपवाल्यांनी पाडल्या असं मी म्हणत नाही. पण बांधलेल्या रस्त्याची ही गत, तर आपण उकरून ठेवलेल्या उताराची काय होईल?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "जंगलात गेल्याशिवाय जंगलाचं प्रेम कसं वाटणार?" अहो, जा की! पण पायी जा. सहा तासांत आम्ही एक मोर पाहिला, तोही पळताना. २०२१ मध्येच यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ गौताळ्यात पोचला होता. शेकडो किलोमीटर, चालत. त्याला लो-रेंज लागली नाही.

दुसरं उत्तर, "आपण अभयारण्यात थोडेच शिरलो?" खरंय. गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय गाडी घातली तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. आम्ही कायदा मोडला नाही. पण हद्दीचा दगड माणसाला कळतो, पाण्याला कळत नाही.

आणि खरं ऑफ-रोडिंग बघायचंय का? पावसाळ्यात आमच्या पाचोडला या. काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यातून मोसंबीचा टेम्पो मार्केटला आणणारा ड्रायव्हर बघा. अर्ध्या वाटेत रुतला की ट्रॅक्टर शोधत हिंडायचं, तोवर इकडे लिलाव उरकतो. त्याचे फोटो कुणी काढत नाही. जिथे रस्ता हवा तिथे लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात, आणि जिथे नको तिथे आपण हौसेने पाडतो!

हौस मारा असं माझं म्हणणं नाही. बंद पडलेल्या खाणी आहेत, मालकाला विचारून वापरता येतील अशी खडकाळ पडीक रानं आहेत. तिथे चाकं हवी तेवढी फिरवा. डोंगरात मात्र गाडी पायथ्याला ठेवायची.

यंदाच्या पावसात काकांचा टेम्पो पाणंदीत रुतला, तेव्हा दादाच्याच जीपने तो ओढून काढला. त्या दिवशी मी मनापासून टाळ्या वाजवल्या. डोंगरावरच्या टाळ्यांची मात्र अजून लाज वाटते.

असो. दादा, वाचलंच असशील शेवटपर्यंत. दिवाळीला भेटू, तेव्हा भांडू.