पाहुण्याला निवड, गिरणी कामगाराला वांगणी

मुंबईत येणाऱ्या धनिक पाहुण्याने कोणत्या पंचतारांकित हॉटेलात उतरावे आणि विमानतळावरून तेथवर कोणत्या गाडीने जावे, याचा सल्ला देणारे लेखन सध्या उदंड झाले आहे. खिडकीतून समुद्र दिसायला हवा असेल तर अपोलो बंदर किंवा नरिमन पॉइंट, व्यापाराचे काम असेल तर वांद्रे-कुर्ला संकुल, खरेदीची हौस असेल तर लोअर परळ. गाडी हॉटेलची बरी की भाड्याची, सागरी सेतूने किती मिनिटे वाचतात, हेही त्यात सांगितलेले असते. एवढ्यावरून कोणावर रागावण्याचे कारण नाही. प्रवाशाला निवारा शोधावाच लागतो, आणि बंदराच्या शहरात तो सर्व प्रकारचा असणारच. जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल डिसेंबर 1903 मध्ये उघडले. म्हणजे मुंबईला हा व्यवसाय नवा नाही. परंतु पाहुण्यापुढे ही निवड कोणी मांडून ठेवली, तिचा खर्च कोणी सोसला आणि त्याच शहरात निवडीचा हक्क कोणाला नाकारला गेला, हे प्रश्न त्या लेखनात कधीच येत नाहीत. ते आपण विचारले पाहिजेत.

लोअर परळचेच उदाहरण घेऊ. सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिल होती. 1905 साली स्थापन झालेली ही कापडगिरणी. तिच्या आवारात आज मॉल आहे, आणि 2012 च्या अखेरीस उघडलेले, पुढे दोनदा नाव बदललेले उंच पंचतारांकित हॉटेल आहे. तेथील एका रात्रीचे भाडे वीस हजार रुपयांच्या पुढेही जाते. गिरणीची चिमणी शोभेची वस्तू म्हणून राखली आहे. तिच्याखाली राबणारी माणसे मात्र राखलेली नाहीत. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप विधिवत कधी मागे घेतला गेला नाही, आणि असंख्य कामगारही कधी कामावर परतले नाहीत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याच्या वाटेवर आली.

त्या कामगारांना आता सरकार कोठे घर देऊ करीत आहे? आमच्या वांगणीत आणि शेजारच्या शेलूला. मार्च 2024 च्या शासननिर्णयाने या दोन ठिकाणी मिळून 81 हजार घरांची योजना पुढे आणली. घराची किंमत 15 लाख रुपये. त्यातील साडेपाच लाख सरकारचे आणि साडेनऊ लाख कामगाराचे. घर नाकारणाऱ्याचा हक्कच संपुष्टात यावा, अशा अर्थाची अटही त्यात होती. 9 जुलै 2025 रोजी गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर उतरले, तेव्हा कोठे ती अट रद्द करण्याचे आश्वासन सरकारने दिले. पाहुण्याला शहरातील डझनभर हॉटेलांतून एक निवडता येते. ज्याच्या घामावर ते शहर उभे राहिले त्याला मात्र सांगण्यात येत होते की वांगणी घे, नाही तर काहीच मिळणार नाही.

साडेनऊ लाखांचा अर्थ काय होतो तो पाहू. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेखालील किमान निवृत्तिवेतन 2014 साली ठरले ते दरमहा 1,000 रुपये. ही सर्वच्या सर्व रक्कम बाजूला टाकली तरी साडेनऊ लाख जमायला 950 महिने, म्हणजे 79 वर्षे लागतील. कोणती बँक त्याला कर्ज देणार आहे? आणि अर्ज किती, तर सुमारे पावणेदोन लाख. 2012 च्या पहिल्या मोठ्या सोडतीपासून 2025 पर्यंत सोडतींतून वाट्याला आलेली घरे वीस हजारांच्याही आत आहेत.

यावर ठरलेले उत्तर असे की मुंबईत जमीन महाग आहे, तेथे कामगारांची घरे परवडणार नाहीत. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या उत्तरातील उलटापालट कळावी. रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले की खंड भारी म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असते म्हणून जमिनीला भारी खंड मिळतो. जमिनीची किंमत तिच्यावर काय बांधू दिले जाते यावर ठरते, आणि ते सरकार ठरवते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यांपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या ती वाटणीतून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ नाकारला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. एका दुरुस्तीने शहराचा आणि कामगारांचा वाटा आकसला. त्यानंतर 'जमीन कोठे आहे?' असा प्रश्न तेच विचारू लागले ज्यांनी ती वाटून टाकली होती.

त्या जमिनीच्या भावाचे काय झाले? राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे जनतेच्या मालकीची, मुंबई टेक्स्टाइल मिल 2005 साली डीएलएफ कंपनीने 702 कोटी रुपयांना घेतली. सुमारे 17 एकरांची ती जमीन 2012 मध्ये लोढा समूहाला सुमारे 2,727 कोटींना विकली गेली. सात वर्षांत किंमत जवळपास चौपट झाली, आणि त्या काळात तेथे एकही इमारत पुरी झाली नव्हती. हे दोन हजार कोटी कोणाच्या श्रमाचे? अर्थशास्त्रात याला अनर्जित वाढ म्हणतात. समाजाने निर्माण केलेले मूल्य एकट्या मालकाच्या खिशात जाते, असा त्याचा अर्थ. सरकारनेच ठरवलेल्या 15 लाखांच्या भावाने या एका व्यवहारातील फरकातून साडेतेरा हजार घरे झाली असती, आणि त्यांसाठी कामगाराकडून एक पैसाही घ्यावा लागला नसता.

पंचतारांकित व्यवसाय केवळ मालकांच्या धडाडीवर वाढला, हाही असाच एक समज आहे. मुंबईच्या नियमावलीत तारांकित हॉटेलांना अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र घेण्याची सोय आहे. 2013 साली केंद्र सरकारने 200 कोटींहून अधिक खर्चाच्या हॉटेलांना पायाभूत सुविधांच्या यादीत बसवले. त्यामुळे रस्ते, वीज, बंदरे यांच्या पंगतीत बसून त्यांना दीर्घ मुदतीच्या कर्जाची दारे उघडली. परवडणाऱ्या घरांना तोच दर्जा मिळाला 2017 च्या अंदाजपत्रकात. पाहुण्याची खोली ही राष्ट्राची पायाभूत गरज आहे, हे कामगाराच्या खोलीच्या चार वर्षे आधी मान्य झाले. आपल्या राज्यकर्त्यांचा प्राधान्यक्रम यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणी सांगू शकणार नाही.

विमानतळ ते हॉटेल या प्रवासाचीही गोष्ट अशीच आहे. 2009 मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. 2014 मध्ये नव्या टर्मिनलसोबत सहारचा उन्नत मार्ग आला. 2024 मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा आणि सुमारे 17,840 कोटी रुपये खर्चाचा अटल सेतू खुला झाला. सागरी सेतू, किनारा मार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. पैसा सर्वांचा, वाट मोटारवाल्यांची. वांगणी आणि शेलूच्या 81 हजार घरांना प्रत्येकी साडेपाच लाखांप्रमाणे सरकारचे जे साहाय्य आहे त्याची बेरीज 4,455 कोटी होते, म्हणजे एका अटल सेतूच्या खर्चाचा चौथा हिस्सा. ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली भुयारी मेट्रो विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना जोडते आणि तिचे कमाल भाडे सुरुवातीला 70 रुपये ठेवले गेले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले, हेही विसरता येत नाही.

आता वांगणीची वाट पाहा. मुंबईपासून सुमारे पाऊणशे किलोमीटर अंतर, आणि ज्या मार्गावर कर्जत लोकल चालते त्याच दोन रुळांवरून पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही जातात. बदलापूर ते कर्जत तिसऱ्या व चौथ्या मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली ती नोव्हेंबर 2025 मध्ये, म्हणजे 81 हजार कुटुंबे येथे पाठवण्याचा बेत ठरून गेल्यानंतर. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारांतून माणसे रुळांवर पडून मेली, ती याच मध्य रेल्वेवर. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले, ते बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान. सत्तरीच्या माणसाने परळच्या केईएम रुग्णालयात औषधपाण्याला जायचे ते या वाटेने.

हॉटेले रोजगार देतात, परकीय चलन आणतात, हे खरे आहे आणि आपण ते नाकारू नये. मुंबईतील समाजवादी कामगार चळवळ वाढली तीच मुळी गोदी कामगार, हॉटेल कामगार आणि टॅक्सीवाले यांच्यात. पी. डिमेलो आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांनाच संघटित केले होते. पण रोजगाराचा दाखला देणाऱ्यांनी हेही सांगावे की रात्रपाळी संपवून बाहेर पडणारा भांडी घासणारा, चादरी बदलणारी बाई, पाहुण्याची गाडी हाकणारा चालक झोपायला कोठे जातात. त्यांच्यापैकी कित्येकजण अंबरनाथ, बदलापूर, वांगणीला उतरतात. शहराला त्यांचे हात हवेत, त्यांची वस्ती नको. प्रवासात जाणारे चार-पाच तास हा त्यांच्या मजुरीतून कापला जाणारा अदृश्य कर आहे.

लोकप्रतिनिधींकडून या प्रश्नाची जाण अपेक्षावी, तर त्यांचाही या हॉटेलांशी परिचय फार दाट झाला आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये महाराष्ट्राचे बहुमत मोजले गेले ते सांताक्रूझच्या एका पंचतारांकित हॉटेलात. जून 2022 मध्ये सरकार पाडण्यासाठी आमदार सुरतेच्या आणि पुढे विमानाने गुवाहाटीच्या हॉटेलात नेऊन ठेवले गेले. पहिल्या प्रसंगी एक बाजू होती, दुसऱ्या प्रसंगी दुसरी. दोन्ही बाजूंना हॉटेल निवडताना अडचण पडली नाही. कामगारांच्या घरांसाठी जागा निवडतानाच यांची नजर एकदम कर्जतच्या दिशेला का वळते?

एक गैरसमज मात्र होऊ देता कामा नये. आम्हा वांगणीकरांचा गिरणी कामगारांच्या येण्याला विरोध नाही. या गावाने अनेकांना सामावून घेतले आहे. लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरणारी शेकडो अंध माणसे येथे राहतात, ती मुंबईत घर परवडत नाही म्हणूनच. ज्याला स्वखुशीने येथे यायचे आहे त्याचे स्वागत आहे. परंतु येणे आणि पाठवले जाणे यांत फरक आहे. नको असलेली माणसे नेऊन ठेवण्याची जागा म्हणून महानगराने आमच्या गावाकडे पाहावे, यात कामगाराचा अपमान आहे तसा गावाचाही आहे.

दुसरा मार्ग नव्हता असे कोणी म्हणू नये. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे 1976 च्या नागरी जमीनधारणा कायद्याखालील जमीन लढून मिळवली आणि गोरेगावला दिंडोशीत हजारो कुटुंबांची घरे उभी केली. तीही मुंबईचीच जमीन होती. तो कायदाच 2007 साली महाराष्ट्राने गुंडाळला, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चार मागण्या घरोघर नेल्या पाहिजेत. मुंबईत शिल्लक असलेल्या गिरण्यांच्या आणि इतर सार्वजनिक जमिनींवर पहिला हक्क गिरणी कामगारांचा मानावा. वांगणी-शेलूचे घर हा स्वेच्छेचा पर्याय राहावा, आणि आझाद मैदानावर दिलेले आश्वासन लेखी शासननिर्णयाने पाळले गेले की नाही, याचा हिशेब सरकारने द्यावा. तारांकित हॉटेलांना मिळणाऱ्या जादा चटईक्षेत्राचे अधिमूल्य कामगारांच्या घरांच्या निधीत वेगळे जमा व्हावे. आणि नवा मार्ग, रुग्णालय व पाणी यांची सोय झाल्यावाचून या पट्ट्यात एकही मोठी वसाहत लादली जाऊ नये. आपल्या सहानुभूतिदारांपैकी अनेकांची मुले परदेशात आहेत. ती सुट्टीत येतात तेव्हा हॉटेल आणि गाडी यांची चर्चा आपल्याही घरांत होते. ती अवश्य व्हावी. तिच्यासोबत त्या हॉटेलाखालच्या जमिनीची हकिगतही त्यांना सांगितली जावी, कारण या शहराविषयीचे पुढचे निर्णय त्यांच्याच पिढीच्या हातून व्हायचे आहेत.